छोट्या कारखानदाराच्या वतीने सरकारशी नक्की कोण बोलतंय?

लेबर कोड, म्हणजे केंद्राचे नवे कामगार कायदे, लागू झाल्यापासून आमच्या उद्योजकांच्या ग्रुपवर रोज काहीतरी येतंय, सरकारचे आभार, अभिनंदनाचे बॅनर, कुणाच्या तरी सीएने पाठवलेली चाळीस पानांची पीडीएफ. मी सगळं वाचतो. पण एक गोष्ट मला खूप दिवस खुपतेय, ती आज सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण भोसरी, चाकण, तळवडे, अंबड, वाळूज कुठेही ज्यांचा छोटा शेड आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

२१ नोव्हेंबर २०२५ ला चारही कोड लागू झाले आणि २९ जुने कायदे त्यात गेले. उद्योगाच्या बाजूने वर्षानुवर्षं जी मागणी सगळ्यात जोरात होती ती यात मान्य झाली, म्हणजे ले-ऑफ (कामगारांना तात्पुरतं बसवणं), कामगार कपात किंवा कंपनी बंद करायची असेल तर सरकारची परवानगी आता ३०० किंवा जास्त कामगार असतील तरच लागणार, आधी १०० किंवा जास्त असले की लागायची. १९७६ ला आणीबाणीत ही अट आली तेव्हाही आकडा ३०० च होता, नंतर ८० च्या दशकात तो १०० वर आला, आता परत तिथेच. स्टँडिंग ऑर्डरची, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या लेखी नियमांची, मर्यादाही ३००.

चांगलं आहे, माझा विरोध नाही. पण माझ्या गल्लीत एक चक्कर मारा, शंभर माणसं असलेली एक कंपनी दाखवा. बारा, अठरा, पस्तीस, फार तर साठ. आम्हाला ही परवानगी काल लागत नव्हती, आजही लागत नाही. मग "उद्योग जगताची ऐतिहासिक मागणी मान्य" म्हणून आम्ही पेढे कशाचे वाटायचे?

आमचं दुखणं माणूस काढता येत नाही हे नाहीच. माणूस टिकत नाही हे आहे, आणि टिकवायला लागणारा पैसा वेळेत हातात येत नाही हे आहे.

हिशोब बघा. वेज कोडप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, नोकरी सोडली तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब पूर्ण. बरोबरच आहे, माणसाचं घर त्यावर चालतं. पण ज्या मोठ्या कंपनीला मी पार्ट देतो तिथून पेमेंट नव्वद दिवसांनी, कधी एकशेवीस. मधल्या काळात पगार, लाईटबिल, पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) सगळं माझ्या कॅश क्रेडिटमधून, म्हणजे बँकेच्या उसन्या पैशातून, त्याचं व्याजही माझंच. एमएसएमई (छोट्या-मध्यम उद्योगांचा) कायदा २००६ चा आहे, त्यात ४५ दिवसांची मर्यादा आहे, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज मागायचा हक्क आहे. एप्रिल २०२४ पासून इन्कम टॅक्समध्येही ४३बी(एच) आलं, म्हणजे वेळेत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. कागदावर सगळं मजबूत आहे. पण तक्रार करायची म्हणजे पुढची ऑर्डर विसरायची, आणि हे पर्चेसवाल्यालाही माहिती असतं आणि मलाही.

आता खरा प्रश्न. कामगार कायदे सोपे करा म्हणून दिल्लीत निवेदन घेऊन जातात ते कोण? हेच मोठे खरेदीदार. त्यांच्या निवेदनात ४५ दिवसांच्या पेमेंटचा मुद्दा पहिल्या पानावर कसा येईल! माझ्या मते छोट्या उद्योगासाठी हाच कामगार धोरणाचा पहिला मुद्दा आहे, कारण पगार थकतो तेव्हा शॉपफ्लोअरवर भांडण माझं आणि कामगाराचं होतं आणि ज्याने पैसे अडकवले तो या सगळ्यात कुठेच नसतो.

दुसरी गोष्ट ब्रेकची, म्हणजे वर्ष धरलं जायच्या आत कामगाराला मुद्दाम कमी करायची. इथल्या प्रत्येकाला माहितीये, जाहीर कोणी बोलत नाही. २४० दिवस भरले की कायद्याने सलग वर्षाची नोकरी धरली जाते, म्हणून सातव्या महिन्यात पोराला ब्रेक. औशाचा, नाहीतर माजलगावचा एखादा पोरगा आयटीआय करून येतो, पहिले दोन महिने नुसता जॉब लोड-अनलोड करतो, मग मशीनला ऑफसेट (मापातली दुरुस्ती) घालायला शिकतो, ड्रॉइंग वाचायला लागतो, कुठल्या इन्सर्टचा (कटिंग टूलच्या टोकाचा) आवाज बदलला की थांबायचं हे त्याच्या कानाला कळायला लागतं, आणि नेमकं तेव्हाच कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर येऊन सांगतो की सोमवारपासून येऊ नको, गेटपास जमा कर. तो आठवड्यात चाकणला हजार रुपये जास्तीवर लागतो आणि इकडे परत नवा पोरगा, परत पहिल्यापासून. यात मालकाचा काय फायदा झाला ते मला कोणीतरी पगारपत्रक समोर ठेवून समजावून सांगावं. त्या पोराचं नुकसान तर उघड आहे, पाच वर्षं काम करून हातात एकही अनुभवाचं पत्र नाही.

नव्या कोडमध्ये फिक्स्ड टर्मवरच्या (ठराविक मुदतीच्या) माणसाला कायम कामगारासारख्याच सोयी आहेत, एक वर्ष झालं की ग्रॅच्युइटी आहे, सगळ्यांना अपॉइंटमेंट लेटर आहे. ब्रेक सिस्टिम संपवायची ही संधी आहे असं मी मनापासून मानतो. आणि ग्रुपवर पहिला प्रश्न काय आला? अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट केलं तर चालेल का! मित्रांनो, असं करू नका. आपणच पळवाट शोधत बसलो तर उद्या सरकारकडे कुठल्या तोंडाने सवलत मागणार?

बारा तासांचंही तेच. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यात दिवसाला ९ ऐवजी १२ तासांपर्यंत काम घ्यायला मंजुरी दिली, ओव्हरटाइमची मर्यादा तिमाहीला ११५ वरून १४४ तास. ऑर्डरची घाई असते तेव्हा उपयोग आहे, मान्य. पण ज्याने स्वतः मशीनवर काम केलंय त्याला विचारा. दहाव्या तासानंतर ऑपरेटर गेज (माप तपासायचं साधन) लावल्यासारखं करतो आणि पीस ट्रेमध्ये टाकतो, बोअर (पार्टचं भोक) ओव्हरसाइज गेलेला सकाळी क्वालिटीला कळतो, तोवर चाळीस पीस रिजेक्ट. डबल रेटने ओटी द्यायचा आणि रिजेक्शनही सोसायचं. ही मागणी माझ्यासारख्याची कधीच नव्हती.

मग मागायचं काय? माझ्या यादीत पेमेंटनंतर लगेच ईएसआय आहे. २०१७ पासून पगाराची मर्यादा २१ हजारांवर अडकलीये. चांगला सेटर (मशीन सेट करणारा) झाला, पगार २३ हजार केला की चालू सहामाही संपल्यावर तो ईएसआयमधून बाहेर, म्हणजे प्रमोशनचं बक्षीस काय तर बायकोच्या डिलिव्हरीचं बिल स्वतः भर. कित्येक जण मला सरळ म्हणतात, साहेब पगार थोडा कमीच ठेवा. ही मर्यादा वाढवा, माझा सव्वातीन टक्के हिस्सा मी आनंदाने भरतो. त्याच्या जोडीला एमआयडीसीत कामगारांना परवडणाऱ्या खोल्या आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री बस. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास घालवून आलेला माणूस मशीनवर काय लक्ष देणार?

आणि या मागण्या कामगार संघटनांच्याही आहेत. ईएसआय, खोल्या, बस, अपॉइंटमेंट लेटर, यात कुठे भांडण आहे? मग आपली असोसिएशन आणि युनियन एका निवेदनावर सही का करू शकत नाही? दोघं एकत्र गेलो तर लेबर कमिशनरला आणि मंत्र्यालाही ऐकावंच लागेल. गेटवर झेंडा लागल्यावरच एकमेकांशी बोलायचं ही सवय आता सोडायला पाहिजे. काही जुने सभासद यावर चिडतील, चिडू देत.

निवेदनाचा कच्चा मसुदा मी तयार केलाय, पेमेंट ४५ दिवसांत, ईएसआयची मर्यादा, ब्रेक बंद आणि कामगारांच्या खोल्या, एवढंच दोन पानांत. असोसिएशनच्या पुढच्या मीटिंगमध्ये मांडणार आहे. ज्यांना वाचायचा आहे त्यांनी मेसेज करा, आणि तुमच्याकडचे ऑपरेटर, सेटर यांनाही दाखवा, त्यांचं म्हणणं वेगळं असेल तर तेही कळवा, मसुद्यात बदल करायला अजून वेळ आहे.