गावाकडची विनोदी कादंबरी कशी लिहावी

अक्कलकोट तालुक्यातील एका खेड्यावरची विनोदी कादंबरी सोलापुरातील प्रकाशन समारंभात नुकतीच विकत घेतली आणि रात्र जागून संपवली. आपल्यालाही असे काही लिहावेसे वाटत असल्यास पुढील पथ्ये पाळावीत.

प्रथम, खेड्यात पाऊल टाकू नये.

चक्रम पात्रे तयारच मिळतात: दारुडा सरपंच, बहिरा मास्तर, चिक्कू सावकार. ग्रामपंचायतीतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असल्या, तरी आपल्या बायकांनी पाणवठ्यावर भांडण्यापलीकडे काही करू नये.

संवादांची चिंता नको. या तालुक्यात घरोघरी कन्नड बोलले जाते, हे विसरून प्रत्येकाच्या तोंडी कोल्हापुरी शिव्या घालाव्यात. हुरडा श्रावणात भाजावा; रब्बीची ज्वारी पाऊस सरता सरता पेरतात आणि हुरडा पौषात येतो, असल्या क्षुल्लक गोष्टींनी विनोदाचा ओघ अडवू नये.

आता मुख्य प्रसंग. नायक मध्यरात्री बॅटरी घेऊन शेताकडे निघाला की मागे बाईची भानगड असलीच पाहिजे, आणि पुढच्या प्रकरणात तो भरदुपारी पारावर घोरताना दाखवून त्याला आळशी ठरवले पाहिजे. शेतीपंपाची वीज रात्रपाळीत आली म्हणून तो उठला, स्टार्टर दाबला तर फ्यूज उडालेला, तो बसवून घोटाभर चिखलात दारे धरत, पायाखाली साप आहे की काय हे चाचपत पहाटेपर्यंत उभा राहिला, आणि उजाडल्यावर धारा काढून डेअरीला दूध घालून आला, हे लेखकाला ठाऊकच नाही! त्या माणसाची दुपारची डुलकी तुम्हाला विनोदी वाटते?

अकलूजला १९२७ साली जन्मलेले द. मा. मिरासदार हे शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्यासह गावोगाव कथाकथन करीत. ज्यांच्या थापा, लबाड्या आणि हट्ट कथेत असत, तशीच माणसे समोर बसून पोट धरून हसत, कारण त्यांना त्यात आपला शेजारी नेमका ओळखू येई. तुम्ही तुमचे एक प्रकरण त्याच तालुक्यातील एखाद्या चावडीपुढे उभे राहून वाचून दाखवा. नाही जमणार, कारण तुम्ही वेडेपणा पाहिलेला नाही, केवळ ऐकीव चुटके एकामागून एक जोडले आहेत. एवढे फुकटचे हसू हवे होते, तर निदान एक रात्र त्या माणसाबरोबर बांधावर उभे राहायचे होते.