भावी गुरुजींसाठी चार युक्तीच्या गोष्टी

बी.एड.ला प्रवेश घेतलात? झकास. 2015 पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झालाय, तेव्हा स्केचपेनं आणि कार्डशीट कोल्हापुरात महाद्वार रोडला घाऊकच घ्या.

पहिल्यांदा सूक्ष्म पाठ. 1963च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये निघालेली ही युक्ती: एकच कौशल्य (समजा प्रबलन, म्हणजे उत्तर देणाऱ्याला शाबासकी), पाच-सात मिनिटं, समोर मोजकी पोरं. आपल्याकडं पोरं म्हणजे आपलेच वर्गमित्र. आमच्यात सहावीची विद्यार्थिनी व्हायच्या त्या ताईंचा स्वतःचा मुलगा सहावीत होता. त्यांचं एकही उत्तर चुकायचं नाही. त्यामुळं चुकलेल्या उत्तराचं काय करायचं, हे शिकायचं राहूनच गेलं. काळजी नको, मार्क पडतात.

मग सराव पाठ. टाचणात 'अपेक्षित उत्तर' लिहायला विसरू नका. आणि ते देणारी पोरगी मधल्या सुट्टीतच गाठून ठेवा. (एका लिमलेटच्या गोळीत काम होतं.) मी हे केलं नाही. पाठ शाहू महाराजांच्या शैक्षणिक कार्यावर. प्रस्तावनेत विचारलं, "कोल्हापूर कशासाठी प्रसिद्ध आहे?" तांबडा-पांढरा, कुस्ती, अंबाबाई, चपला, फुटबॉल... हेतुकथनापर्यंत, म्हणजे 'आज आपण अमुक शिकणार' हे सांगण्यापर्यंत, पोचायला सात मिनिटं गेली.

दोन वर्षांत मिळून 20 आठवडे शाळेतही काढायचे असतात. तिथं ऑफ तास सांभाळणं, पेपर तपासणं आणि स्नेहसंमेलनाला खुर्च्या मांडणं ही कौशल्यं आपोआप येतात.

मुख्य गोष्ट, शिकवताना नजर शेवटच्या बाकाकडं ठेवा. तिथं निरीक्षक बसतात. पोरं मध्ये येतात, त्याला इलाज नाही.

माझ्या पाठाला निरीक्षकांच्या शेजारीच बसलेल्या पोरानं हात वर केला. 1917 साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना 1 रुपया दंड, एवढं नुकतंच सांगून झालं होतं.

"सर, आमच्या वर्गातला दिग्या दिवाळीपासनं गुऱ्हाळावर हाय. त्येच्या बाला रुपाया पडणार काय?"

टाचण पाहिलं. अपेक्षित उत्तरांत हे नव्हतं. "शाब्बास! छान प्रश्न. बस खाली," म्हणालो आणि तक्ता उलगडला.

निरीक्षण वहीत शेरा मिळाला: 'प्रबलन उत्तम. वेळेचे भान राखले.'