फाटा पाहून प्लॉट घ्यावा

नाशकात जमीन घेऊ इच्छिणाऱ्या सुज्ञ वाचकाने सर्वप्रथम गोदावरीचा विचार डोक्यातून काढून टाकावा. नदीकाठ पाहून गाव वसवणे ही जुन्या काळच्या भाबड्या लोकांची रीत होती; त्यांना पाणी लागत असे. आता वस्ती चाकामागे धावते. खात्री करायची असेल तर मनमाडला जाऊन यावे. पाणीटंचाईसाठी पंचक्रोशीत ख्याती असूनही केवळ जंक्शनच्या बळावर ते गाव वाढले, आणि होळकरांचा रंगमहाल मिरवणाऱ्या चांदवडला आग्रा रोड असूनही रूळ काही मिळाले नाहीत.

नाशिकला हा धडा इंग्रजांच्या काळातच मिळाला. आगगाडी गावात न शिरता आठ-नऊ किलोमीटर लांबून निघून गेली, म्हणून १८८९ मध्ये गाव आणि स्टेशन जोडण्यासाठी घोड्यांची ट्राम टाकावी लागली. ट्राम १९३० नंतरच्या काही वर्षांत बंद पडली, पण स्टेशनाभोवती प्रेस आली, जेल आले आणि बघता बघता नाशिकरोड नावाचे दुसरे गावच उभे राहिले. अखेर १९८२ साली महापालिका स्थापून दोघांना एका छपराखाली आणावे लागले. घोड्यांचे काम आता शेअर रिक्षा करतात. द्वारका चौकात चौथी सवारी म्हणून ड्रायव्हरशेजारी अर्ध्या मांडीवर बसलेल्या वाचकाने घोड्यांची आठवण काढू नये, ते अधिक वेगाने जात असावेत असा संशय येतो.

आता पत्त्यांकडे लक्ष द्यावे. नाका म्हणजे गावाची वेस, असे आपल्याला शिकवले होते. पण मुंबई नाका केव्हाच भर शहरात आला आणि पाथर्डी फाट्यावर फाटा शोधावा लागतो. याचे शास्त्र सोपे आहे. लांबच्या गाड्यांनी गावात न अडकता निघून जावे म्हणून रस्ता बाहेरून काढायचा. तो मोकळा आहे हे पाहून त्याच्या कडेला आधी ढाबा, मग दुचाकींचे शोरूम, मग लग्नाचे लॉन्स काढायचे. वरातीतले पाहुणे रस्ता ओलांडू लागले की गतिरोधक, त्यानंतर सिग्नल, आणि एवढे करूनही गाड्या चालल्याच तर शहराच्या डोक्यावरून सुमारे सहा किलोमीटरचा उड्डाणपूल बांधायचा. आग्रा रोडचे हेच झाले. तेव्हा पुलाखाली राहणाऱ्याने कुरकुर न करता आपण महामार्गालगत राहतो असे पाहुण्यांना सांगावे.

न झालेला रस्ता अर्थातच झालेल्यापेक्षा चांगला, कारण त्यावर खड्डे पडत नाहीत. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले, तेव्हा जाहिरातींतल्या फ्लॅटांना लगेच मेट्रोचा शेजार लाभला. ही मेट्रो रुळांऐवजी टायरवर धावणार होती. ती अजून धावलेली नाही. हप्ते धावत आहेत.

समृद्धीची गोष्ट वेगळी, कारण तो ७०१ किलोमीटरचा रस्ता खरोखर झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही जून २०२५ मध्ये खुला झाला. सिन्नर-इगतपुरीकडे ‘समृद्धी टच’ प्लॉट दाखवला गेल्यास अवश्य घ्यावा. या महामार्गावर इंटरचेंजखेरीज कुठूनही चढता-उतरता येत नसल्याने आपल्या ओट्यावर बसून ताशी १२० च्या वेगाने जाणाऱ्या गाड्या पाहण्याचे सुख मिळते, आणि त्यांतली एकही आपल्या दारात थांबत नसल्याने चहाचा खर्च वाचतो.

तरीही रिंग रोडची गोडी काही औरच. परवा एका दलालाने मला द्राक्षबागेत उभे केले, मोबाईल आडवा धरला आणि वेलींच्या दोन ओळींमधून बोट फिरवत “हा बघा, साहेब, आपला साठ मीटरचा रोड” असे सांगितले. त्या रोडवरून तेव्हा एक ट्रॅक्टर ब्लोअरने फवारणी करत आमच्याच दिशेने येत होता. आम्ही दोघांनी भावी शहरातून बांधावर उडी मारली.

अशा वेळी खिशातून इसार काढण्यापूर्वी वाचकाने एकच प्रश्न विचारावा: हा रिंग रोड भरला की त्याचा बायपास कुठून निघेल? दलाल मुरलेला असेल तर तिथलाही प्लॉट त्याच्याकडे असतो.