डबा वाजवा, खिरापत ओळखा

हल्ली तीन-चार वर्षांच्या पोरांचे आईबाप भेटले की विषय ठरलेला: कुठलं ॲक्टिव्हिटी किट मागवलंस? मग एखादी आई खालच्या आवाजात सांगते, "अगं, मला क्राफ्ट अजिबात जमत नाही." जणू घोटीव कागद कापता न येणं हा गुन्हाच!

माझं म्हणणं, हातात कला नसली तरी चालेल, अंगात थोडा खोडकरपणा हवा.

भोंडल्याची खिरापत आठवा. गाणी संपली की झाकलेला डबा बाहेर येतो आणि "गोड की तिखट?" सुरू होतं. हा खेळ नवरात्रापुरताच का? संध्याकाळचं खाणं देताना स्टीलचा डबा पोराच्या कानाशी वाजवा. शेंगदाणे खणखणतात, चुरमुरे नुसते सळसळतात, खजूर धपकन आपटतो. सुरुवातीला पोरं "लाडू? चकली? बिस्कीट?" असं तोंडाला येईल ते ठोकतात. हळूहळू "गोल आहे का?", "तळलंय का?" असे प्रश्न यायला लागतात. एका प्रश्नात निम्मे पदार्थ बाद करायचे, ही युक्ती त्यांची त्यांना सापडते. मग डबा त्यांच्या हाती द्या, तुम्ही ओळखा. आधी तीच उत्तर फोडून टाकतात. टाकू देत.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार कुणाला? त्यांनी खडे, शिंपले, बिया, पानं घेतली. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. आणि आपण फ्लॅटमध्ये बसून कुरिअरची वाट बघतोय!

एक मात्र सांभाळा. "किती दाणे? इंग्लिशमध्ये सांग बरं!" असं केलंत की पोर डब्याकडे फिरकणार नाही. पाहुण्यांपुढे तर मुळीच वदवून घेऊ नका.

नोकरीवरून दमून येणाऱ्यांना वेळ कुठला, हे मान्य. पण खाऊ तर द्यायचाच असतो ना? आणि हे काम आईनेच करावं असंही काही नाही. डबा बाबालाही वाजवता येतो.

उद्यासाठी साबुदाणा घ्या. एका डब्यात कोरडा, दुसऱ्यात रात्रभर भिजवलेला. एक वाजतो, दुसरा का वाजत नाही, ते पोरालाच सांगू द्या. उत्तर चुकलं तर लगेच सुधारू नका, झाकण त्यालाच उघडू द्या.