ओपनएसएसएल १.१ आणि तीन कमांडचा रामबाण उपाय

नव्या उबुंटूवर जुनं रुबी (प्रोग्रामिंग भाषा) किंवा कुणी कधीकाळी बांधून दिलेला एखादा जुना प्रोग्राम चालवायला घ्या, ‘लिबएसएसएल १.१ सापडत नाही’ म्हणून तो हटून बसतो. लिबएसएसएल ही ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची फाइल. त्यावरचा एक उपाय सगळीकडे फिरतोय. त्याचा गोषवारा असा: घाई असेल तर आवृत्ती ३ च्या फाइलला जुन्या नावाची सिमलिंक (त्या फाइलकडे बोट दाखवणारं दुसरं नाव) द्या. नाहीतर १.१.१ चा सोर्स उतरवून ‘कॉन्फिग’, ‘मेक’, ‘सुडो मेक इन्स्टॉल’ चालवा, काम फत्ते. शिवाय स्वतःच्या मशीनवर कंपाइल केलेलं म्हणून ते जास्त वेगवान, आणि पॅकेजपेक्षा सुरक्षितही.

गरज खरी आहे, हे आधीच मान्य. उबुंटूने २२.०४ मध्ये १.१ काढून टाकलं, आणि ३.० पर्यंतच्या रुबीला ओपनएसएसएल ३ चालत नाही. पर्ल, मेक आणि जीसीसी हा कंपायलर हाताशी असलं की १.१.१ सहसा विनातक्रार कंपाइल होतं, हेही खरं. भानगड त्यानंतर सुरू होते.

आधी सिमलिंक. फाइलचं नाव बदलल्याने आतला माल बदलत नाही. या लायब्ररीतल्या प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीचा शिक्का असतो. जुना प्रोग्राम १.१.० चा शिक्का मागतो, नव्या फाइलवर असतो ३.०.० चा, आणि प्रोग्रामला लायब्ररी जोडून देणारा लोडर तिथेच थांबतो. शिक्के नसते तरी काही फंक्शनं त्या नावाने उरलेलीच नाहीत. ‘एसएसएल गेट पीअर सर्टिफिकेट’ हे ३.० मध्ये निव्वळ हेडरमधलं (कंपाइल करतानाच वाचल्या जाणाऱ्या फाइलमधलं) मॅक्रो, म्हणजे टोपणनाव आहे, खरं फंक्शन वेगळ्या नावाने आहे. लोडर नकार देतो हे नशीबच म्हणायचं. एन्क्रिप्शनची लायब्ररी अर्धवट जुळून चालू राहिली असती तर ते जास्त महागात पडलं असतं.

आता तीन कमांड. काही न सांगता कॉन्फिग केलं की सगळं ‘यूएसआर लोकल’ या हाताने बसवलेल्या प्रोग्रामांच्या फोल्डरमध्ये जातं. डेबियन-उबुंटूवर जीसीसी हेडर शोधताना यूएसआर लोकल आधी बघतो, पण लिंक करताना, म्हणजे लायब्ररी जोडताना, सिस्टिमच्या लायब्ररीचं फोल्डर आधी लागतं. म्हणजे ओपनएसएसएलचं डेव्हलपमेंट पॅकेज आधीपासून असेल तर पुढे कंपाइल होणाऱ्या भलत्याच प्रोग्रामला हेडर १.१ चे आणि लायब्ररी ३ ची मिळते. मग ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’च्या रांगा लागतात आणि माणूस त्या प्रोग्रामच्या लेखकाला शिव्या घालत बसतो. टर्मिनलवर ‘ओपनएसएसएल’ टाइप केलं तरी पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) आधी असल्यामुळे जुनीच प्रत पुढे येते. फेडोरा लिनक्सच्या घराण्यात तर लोडर यूएसआर लोकलमध्ये मुळात डोकावतच नाही, त्यामुळे सगळा खटाटोप करून पहिलीच एरर जशीच्या तशी.

समोरचा सर्व्हर खरा आहे का हे पडताळायला लागणाऱ्या प्रमाणपत्रांची (सर्टिफिकेटांची) गोष्ट त्या मजकुरात औषधालाही नाही. नव्या प्रतीचं सर्टिफिकेटांचं फोल्डर रिकामं असतं, म्हणून जोडणी होते पण पडताळणी फसते. इथे लोक वैतागून पडताळणीच बंद करतात. याहून वाईट उपाय नाही. दुसरी पळवाट म्हणजे ओपनएसएसएलचं फोल्डर म्हणून थेट ‘इटीसी एसएसएल’ देणं. पण २२.०४ वर तिथली कॉन्फिग फाइल आवृत्ती ३ साठी लिहिलेली आहे. १.१.१ ती वाचतं, ‘प्रोव्हायडर्स’ हा शब्द त्याला कळत नाही, आणि ते ‘लिबप्रोव्हायडर्स’ नावाची अस्तित्वात नसलेली फाइल शोधू लागतं.

करायचंच असेल तर कॉन्फिग करताना प्रीफिक्स (बसवायची जागा) आणि ओपनएसएसएल-डिर (कॉन्फिग फाइल आणि सर्टिफिकेटांची जागा) दोन्ही ‘ऑप्ट’खालच्या वेगळ्या फोल्डरला द्या. ‘मेक टेस्ट’ टाळू नका. सर्टिफिकेटांच्या फोल्डरपुरती सिस्टिमच्या फोल्डरला लिंक द्या. सिमलिंकची हौस इथे खुशाल भागवा. ज्या रुबीसाठी हा उद्योग, ते बांधताना हेच ओपनएसएसएल दाखवा आणि आरपाथने (लायब्ररी कुठे शोधायची हे सांगणाऱ्या नोंदीने) हा पत्ता त्याच्या बायनरीत लिहून टाका. तयार प्रोग्राम असेल तर ‘एलडी लायब्ररी पाथ’ (लोडरला जादा फोल्डर सांगणारं सेटिंग) फक्त त्याला सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये लिहा, प्रत्येक टर्मिनलला लागू होणाऱ्या बॅशआरसीमध्ये नको. हेडर, पाथ, लोडर, कशालाच धक्का लागत नाही, आणि काढायचं तर एक फोल्डर पुसलं की झालं.

वेगाचा मुद्दा दोन ओळींचा. ओपनएसएसएलमधली जड कामं असेंब्लीत लिहिलेली आहेत आणि प्रोसेसरला एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीच्या खास सूचना येतात का, हे ते चालू होताना तपासतं. पॅकेजमधली प्रतही तेच करते.

सुरक्षिततेचा दावा मात्र सरळ उलटा आहे. १.१.१ चा सार्वजनिक आधार ११ सप्टेंबर २०२३ ला संपला, १.१.१डब्ल्यू ही शेवटची मोफत आवृत्ती त्याच दिवशीची. पुढच्या दुरुस्त्या प्रकल्पाकडून पैसे मोजणाऱ्यांनाच मिळतात. हाताने बसवलेली प्रत पॅकेजं सांभाळणाऱ्या एपीटीला माहीतच नसते, त्यामुळे अपग्रेड कितीही वेळा चालवा, ती आहे तिथेच राहणार. हा प्रोग्राम इंटरनेटवरून आलेलं काही वाचत असेल तर मी तरी हा मार्ग घेणार नाही. आरएचईएल (रेड हॅट लिनक्स) ९ वर असाल तर ‘कॉम्पॅट-ओपनएसएसएल११’ हे तयार पॅकेज आहे. बाकीच्यांनी जुना प्रोग्राम आल्मालिनक्स ८ च्या कंटेनरमध्ये (स्वतःच्या लायब्ररींसकट चालणाऱ्या बंदिस्त डब्यात) चालवावा: त्यात १.१.१ च आहे, आणि त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या २०२९ पर्यंत येत राहणार आहेत. फक्त कंटेनरची इमेज (त्याचा साचा) अधूनमधून नव्याने बांधायला हवी.