पहिला टॅब कोरा का?

ॲपमध्ये तीन टॅब. नवे, चालू, पूर्ण. "त्यात काय एवढं, संध्याकाळपर्यंत देतो," असं मी भर मीटिंगमध्ये बोलून गेलो. ही गोष्ट सोमवारची. कोणत्या सोमवारची, ते विचारू नका.

पहिल्या झटक्यात सगळं जमलं. बोट सरकवलं की पान सरकतंय, खाली यादी येतेय. मग सर्व्हरवाल्या मित्राचा फोन आला. "तू एक टॅब उघडतोस आणि माझ्याकडे दोन रिक्वेस्ट का येतात?" मी शपथेवर सांगितलं, दुसऱ्या टॅबला मी हातही लावलेला नाही.

हात व्ह्यूपेजरने लावला होता. पानं सरकवणारा अँड्रॉइडचा हा जुना गडी फार तत्पर. एक पान मागा, तो शेजारचंही उठवून तयार ठेवतो, सरकवताना अडखळायला नको म्हणून. हेतू उत्तम. पण माझं पान जन्माला आलं रे आलं की डेटा मागायला धावायचं. बरं, तिसऱ्या टॅबवर गेलं की पहिल्याचा संसार मोडायचा आणि परत आलं की तो पुन्हा पहिल्यापासून मांडायचा. मी चिडून शेजारपाजाऱ्यांची मर्यादा शून्यावर आणली. त्याने ती परस्पर एक करून टाकली आणि लॉगमध्ये, म्हणजे ॲपच्या रोजनिशीत, नोंदवलं की शून्य फारच कमी होतं. ऐकून घ्यायची पद्धतच नाही!

मग ठरवलं, टॅब निवडला गेला की मगच डेटा आणायचा. त्यासाठी लिसनर, म्हणजे टॅब निवडल्याची वर्दी ऐकणारा कोड, लावला. दुसरा टॅब झकास, तिसरा झकास, पहिला कोरा. पंधरा मिनिटं मी त्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसलो. कारण कळलं तेव्हा कपाळावर हात मारला. पहिला टॅब आधीपासूनच निवडलेला होता. माझा लिसनर आला तो समारंभ उरकल्यावर. (सेटयूझरव्हिजिबलहिंट नावाचा जुना उपायही करून पाहिला. त्याची तऱ्हा उलटी: पानाचा व्ह्यू, म्हणजे दिसणारा भाग, तयार व्हायच्या आधीच 'तू दिसतोयस' असं सांगून मोकळा. ॲप जागीच आडवं.)

शेवटी 2019 साली स्थिर झालेल्या व्ह्यूपेजर 2 वर आलो. इथे समोर असलेल्याच पानाचं ऑनरिझ्यूम (पान समोर आलं की चालणारा कोड) चालतं. डेटा मागणं तिथेच ठेवलं. वाटलं, सुटलो. पण फोन लॉक करून उघडला की ऑनरिझ्यूम पुन्हा, डेटा पुन्हा. म्हणून एक फ्लॅग, म्हणजे हो-नाहीची खूण, ठेवला: आणलाय की नाही? टेस्टरने फोन आडवा केला. पान नव्याने जन्मलं, फ्लॅग गेला. मी फ्लॅग सेव्ह केला. यादी सेव्ह करायची मात्र राहिली. आता फ्लॅग छातीठोकपणे सांगायचा 'आणलाय', आणि स्क्रीनवर शुकशुकाट. दोन्ही उचलून, फोन फिरवला तरी टिकणाऱ्या व्ह्यूमॉडेलमध्ये टाकले तेव्हा आडवं-उभं शांत झालं.

टेस्टर मात्र शांत होणाऱ्यातला नव्हता. त्याने 'चालू' दाबलं, लगेच 'पूर्ण' दाबलं. 'चालू'चं उत्तर उशिरा आलं आणि 'पूर्ण'च्या डोक्यावर जाऊन बसलं, कारण तिन्ही टॅबना मी एकाच यादीत नांदवलं होतं. तिघांच्या चुली वेगळ्या केल्या. हे पहिल्या दिवशी करायला काय झालं होतं, असं मलाच कोणीतरी विचारायला हवं होतं.

शुक्रवारी टेस्टरचा शेवटचा बग आला: "ज्या टॅबवर आहे तोच दाबला, तर काहीच होत नाही." बरोबर आहे, निवडलेला टॅब परत निवडला जात नाही. त्यासाठी ऑनटॅबरीसिलेक्टेड म्हणून वेगळं खातं आहे. मी तिथे यादी वर नेली आणि ताजा डेटाही मागवला. बग बंद. लॅपटॉप बंद.

दहा मिनिटांत सर्व्हरवाल्याचा फोन. "अरे, एकच टॅब एका मिनिटात चाळीस वेळा कोण दाबतंय?"