दात काढण्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करू नये

गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. दात काढण्याआधी रक्त पातळ करणारी गोळी सात दिवस बंद ठेवावी, तेवढ्याने काही बिघडत नाही आणि नंतर दुखल्यास डायक्लोफेनॅक घ्यावी, असे त्यात म्हटले आहे.

यातील सात दिवसांचा आकडा अगदीच निराधार नाही. ॲस्पिरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीने निकामी केलेल्या प्लेटलेट्सच्या (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशींच्या) जागी नव्या यायला सात ते दहा दिवस लागतात. मात्र त्यावरून गोळी थांबवावी असे ठरत नाही. गोळी चालू असताना रक्त जास्त वेळ झिरपते हे खरे, पण दाताची खाच डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर असते, तिच्यावर गॉजची घडी दाबून धरता येते, टाका घालता येतो, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव थांबवणारे औषध वापरता येते. याउलट नुकत्याच बसवलेल्या स्टेंटमध्ये किंवा हृदयाच्या कृत्रिम झडपेवर गुठळी झाली, तर गडचिरोलीच्या आतल्या गावातून रात्री नागपूर गाठेपर्यंत हातात काहीच उरत नाही.

संदेश सगळ्या गोळ्यांना एकाच मापाने मोजतो, हे तर अधिकच घातक. वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम घेणाऱ्याचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) आदल्या दिवशी तपासून तो ४ च्या आत असल्यास एक-दोन दात सहसा गोळी न थांबवता काढता येतात. ॲपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांचा सकाळचा एखादा डोस क्वचित पुढे ढकलावा लागतो, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे. तालुक्याला आयएनआरचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो का, हे आधी विचारून घ्यावे. बाजार आटोपून शनिवारी संध्याकाळी दात काढायला जाण्यापेक्षा सोमवारी सकाळी जावे, म्हणजे रक्त पुन्हा सुरू झाले तरी दवाखाना उघडा असतो. सोबत गोळ्यांची अख्खी स्ट्रिप आणि जुनी चिठ्ठी न्यावी. मेडिकलमधून कापून दिलेल्या चार गोळ्यांवर बहुधा नावच नसते आणि ‘बीपीची गोळी’ एवढ्या माहितीवर कोणताही दंतवैद्य निर्णय घेऊ शकत नाही.

डायक्लोफेनॅकचा सल्ला तर उफराटाच आहे, कारण त्याने रक्तस्राव वाढतो. दुखल्यास पॅरासिटामॉल घ्यावी, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक गोळीने वॉरफरिनचा परिणाम वाढतो, म्हणून तीही मनाने घेऊ नये. खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) तोंडात धरणे आणि थुंकत राहणे बंद ठेवावे, त्याने खाचेतील रक्त थांबवणारी गुठळी सुटते. गॉज अर्धा तास घट्ट चावून धरूनही रक्त वाहतच राहिले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.